स्टुडबेकर: लोहाराच्या भट्टीपासून विकतच्या इंजिनापर्यंत

लग्नपत्रिका छापायला गेलेल्या माणसाला एक धडा फुकटात मिळतो. पन्नास पत्रिकांचा भाव विचारला की छापखानावाला जो आकडा सांगतो, तो ऐकून वाटतं, याला आज आपल्या रूपात बकरा सापडलाय. मग तोच म्हणतो, "त्यापेक्षा पाचशे घ्या, एक पत्रिका निम्म्याहून कमीत पडेल." तो लबाडी करत नसतो. मजकूर लावणं, प्लेट बनवणं, मशीन सेट करणं हा खर्च पत्रिका पन्नास छापा नाहीतर हजार, तेवढाच येतो. फरक एवढाच, की तो किती पत्रिकांवर वाटला गेला.

अमेरिकेतली स्टुडबेकर ही मोटार कंपनी या छापखान्याच्या हिशेबाने गेली. तिच्या शेवटाबद्दल बरंच काही बोललं जातं: गाड्या विचित्र दिसायच्या, युनियनने बुडवली, संचालकांना अक्कल नव्हती. प्रत्येकात थोडं तथ्य आहे. पण हे सगळे दोष मोठ्या कंपन्यांतही होते आणि त्या तगल्या. स्टुडबेकरला ते पचवता आले नाहीत, कारण तिला पत्रिका पन्नासच छापायच्या होत्या.

सुरुवात मात्र अगदी आपल्या गावातल्या लोहार-सुतारासारखी. १८५२ साली इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी हेन्री आणि क्लेमेंट या स्टुडबेकर भावांनी लोहारकामाचं दुकान टाकलं. भांडवल ६८ डॉलर. तिसरा भाऊ जॉन मोहलर कॅलिफोर्नियात सोनं शोधायला गेला. तिथे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की सोनं सापडेल न सापडेल, पण खणणाऱ्या प्रत्येकाला माती वाहायला हातगाडी लागतेच. प्लेसरव्हिल गावात त्याने एकचाकी हातगाड्या बनवून विकल्या, लोकांनी त्याचं नावच 'व्हीलबॅरो जॉनी' पाडलं. १८५८ मध्ये तो ८ हजार डॉलर घेऊन परत आला आणि हेन्रीचा वाटा विकत घेतला. हेन्री शांततावादी पंथाचा होता, सैन्यासाठी गाड्या बनवणं त्याच्या मनाला पटत नव्हतं. धाकट्या भावांना अशी अडचण नव्हती. पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला त्यांनी भरपूर गाड्या पुरवल्या, आणि पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांनाही.

तुंबा, आरे, पाटे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. बैलगाडीचं चाक ज्याने बनताना पाहिलंय, त्याला हे काम समजावून सांगायला नको. लाकूड नीट वाळलेलं नसेल तर वाळवंटात चाक सैल पडतं आणि धाव निसटते. स्टुडबेकरांची चाकं टिकायची, एवढ्यावर ते जगातले सर्वांत मोठे घोडागाडी-उत्पादक झाले. या जुन्या धंद्याचा त्यांना अभिमानही होता. अब्राहम लिंकन ज्या बग्गीतून फोर्ड थिएटरला शेवटचे गेले, ती क्लेमेंटने नंतर विकत घेतली. आज ती साउथ बेंडच्या स्टुडबेकर संग्रहालयात आहे.

घोडागाड्या बनवणाऱ्या शेकडो अमेरिकी कारखान्यांपैकी मोटारीच्या जमान्यात टिकलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. स्टुडबेकरने आधी १९०२ साली विजेवर चालणारी गाडी काढली. १९०४ मध्ये पेट्रोलची आली, तीही सांगाडा दुसऱ्या कंपनीचा आणि वरची बॉडी आपली अशी. मग त्यांनी डेट्रॉइटची ई-एम-एफ ही कंपनी ताब्यात घेतली. तिच्या गाड्या सारख्या बिघडत, म्हणून लोक त्या तीन अक्षरांचा अर्थ 'एव्हरी मॉर्निंग फिक्स-इट', म्हणजे 'रोज सकाळी दुरुस्ती', असा लावत. गाड्यांची पत सावरायला कंपनीला मेहनत घ्यावी लागली, पण घोड्याकडून इंजिनाकडे जाण्याचं अवघड वळण पार पडलं. १९२० मध्ये घोडागाड्या बनवणं बंद झालं.

पुढे जो आजार दोनदा उलटला, त्याची पहिली लक्षणं इथून दिसतात.

१९१५ पासून कंपनीचे अध्यक्ष होते आल्बर्ट अर्स्किन. हिशेबनीस म्हणून वर आलेले, आशावादी. १९२० च्या दशकात त्यांनी चांगला धंदा केला आणि भागधारकांना भरघोस लाभांश दिला. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. अर्स्किन यांना वाटलं, मंदी दोन-चार महिन्यांची आहे. १९३० साली कंपनीने कमावलं त्याच्या कित्येक पट रक्कम लाभांश म्हणून वाटून टाकली. पगार कापला गेल्यावरही घरातलं लग्न थाटात करून टाकावं, तसं. मंदी काही हटली नाही. मार्च १९३३ मध्ये कंपनी कोर्टाने नेमलेल्या रिसिव्हरांच्या हाती गेली आणि १ जुलैला अर्स्किन यांनी आत्महत्या केली.

लाभांश वाटणं वाईट नाही, भागधारकाने पैसे त्यासाठीच घातलेले असतात. पण मोटार कंपनीच्या पैशाला आणखी एक वाटेकरी असतो: पुढच्या वर्षीची गाडी. तो मागत नाही, ओरडत नाही, सर्वसाधारण सभेत हात वर करत नाही. त्यामुळे त्याचा वाटा खाणं सोपं जातं.

कंपनी वाचवली ती पॉल हॉफमन आणि हॅरॉल्ड व्हान्स या तिच्याच अधिकाऱ्यांनी. १९३९ साली त्यांनी चॅम्पियन ही गाडी आणली. कोरी पाटी घेऊन आखलेली, वजनाला हलकी आणि म्हणून पेट्रोल कमी पिणारी. माझ्या मते स्टुडबेकरने बनवलेली सर्वांत शहाणी गाडी हीच. नंतरच्या गाड्या जास्त देखण्या होत्या, पण हिशेबाला इतकी पक्की एकही नव्हती. मग दुसरं महायुद्ध आलं. स्टुडबेकरने सुमारे दोन लाख लष्करी ट्रक बनवले, त्यातले बरेचसे सोव्हिएत रशियाला गेले. रशियन सैनिक त्यांना लाडाने 'स्टुडर' म्हणत आणि त्यांच्या पाठीवर कात्युशा रॉकेटं बसवत.

युद्धाच्या काळात, १९४२ पासून, अमेरिकेत सामान्य माणसासाठी मोटारी बनणंच बंद होतं. त्यामुळे १९४६ मध्ये बाजारात जे काही चार चाकांवर उभं राहील ते विकलं जात होतं. मोठ्या कंपन्यांनी जुन्याच गाड्यांना नवी जाळी लावून बाजारात आणलं. स्टुडबेकरने मात्र खरोखर नवी गाडी आणली. ती पुढून-मागून इतकी सारखी, की 'ही येतेय की जातेय?' हा विनोद देशभर झाला. १९५० च्या मॉडेलला तर समोर विमानाच्या नाकासारखं टोक होतं. त्या वर्षी तीन लाखांहून जास्त गाड्या बनल्या. स्टुडबेकरचं हे शिखर.

शिखरावर असताना पैसा कुठे गेला? एक भाग पुन्हा लाभांशात. दुसरा पगारात. साउथ बेंडमध्ये बाप आणि मुलगा एकाच कारखान्यात काम करत, कंपनी तशा जाहिरातीही करायची, आणि कधी मोठा संप झाला नाही याचा तिला अभिमान होता. ती शांतता विकत घेतलेली होती. मागणी इतकी होती, की एक दिवस लाइन थांबण्यापेक्षा युनियनचं म्हणणं मान्य करणं स्वस्त वाटे. डेट्रॉइटच्या कंपन्यांनी कधीच मोडीत काढलेली नगावर मजुरी देण्याची पद्धत इथे चालू राहिली आणि मजुरीचा खर्च डेट्रॉइटपेक्षा जास्त पडू लागला. मी यात कामगारांना दोष देणार नाही. समोरचा हो म्हणतोय तर कोण कमी मागेल? पण सहा-सहा मजली जुन्या इमारतींचा तो कारखाना नवा करायला लागणारा पैसा राहिलाच नाही.

आता त्या छापखान्याकडे परत येऊ.

मोटारीत सर्वांत महाग काय असतं, तर पत्रा दाबायचे साचे. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, एका दरवाजाची डाय बनवायला काय खर्च येतो आणि टूल रूमचे किती महिने जातात. पूर्ण बॉडी म्हणजे अशा शेकडो डाय. समजा नव्या मॉडेलच्या साच्यांना आणि जुळणीच्या तयारीला २ कोटी डॉलर लागले. वर्षाला १० लाख गाड्या विकणाऱ्या कंपनीला त्याचे एका गाडीमागे २० डॉलर पडतात. वर्षाला २ लाख विकणाऱ्याला १०० डॉलर. गाडीचा दर्जा तोच, पत्रा तोच, कामगाराचे हात तितकेच कुशल. तरी सुरुवातीलाच ८० डॉलरचं ओझं. जाहिरातीचंही असंच. राष्ट्रीय मासिकातल्या पानाचा दर जनरल मोटर्सच्या शेवरलेला वेगळा आणि स्टुडबेकरला वेगळा नसतो. इंजिनाचं संशोधन, गिअरबॉक्सची आखणी, डीलरांचं जाळं, सगळीकडे हीच गोष्ट.

यावर साधा उपाय आहे. साचे बदलूच नका, दहा वर्षं तीच गाडी विका. आपल्याकडे हे प्रत्यक्षात घडलंय. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने आधी क्रायस्लरच्या डॉज-प्लिमथ जोडल्या, मग फियाट ११०० घेतली, आणि १९६४ पासून पुढची तीन-साडेतीन दशकं जवळपास त्याच पत्र्याची गाडी विकली. तीच आपली पद्मिनी, काळी-पिवळी टॅक्सी. ती परवडली कारण बाजार बंद होता. आयातीला कुलूप होतं आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहत होतं.

अमेरिकेत याच्या नेमकं उलट. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकापासून गिऱ्हाइकाला एक सवय लावली होती: गाडीचं रूप दरवर्षी थोडं बदलणार, दर काही वर्षांनी पूर्ण बदलणार. शेजाऱ्याकडे नवं मॉडेल आलं की आपली गाडी धडधाकट असूनही जुनी दिसायला लागते. हा खेळ ज्याचं छापकाम मोठं त्याच्याच फायद्याचा. छोट्याने बदल केला तर खर्चाने मरतो, नाही केला तर गिऱ्हाईक जातं.

स्टुडबेकरने १९५३ साली बदल केला, आणि काय केला! नामवंत डिझायनर रेमंड लोवी यांच्या स्टुडिओतल्या रॉबर्ट बर्क यांनी आखलेली स्टारलायनर ही कूपे, म्हणजे दोन दरवाजांची गाडी. बुटकी, लांब, कमी क्रोमची, युरोपीय गाड्यांच्या पंक्तीत शोभणारी. त्या दशकातली सर्वांत सुंदर अमेरिकी गाडी म्हणून ती आजही दाखवली जाते आणि फोटो पाहिल्यावर वाद घालावासा वाटत नाही. पण कागदावरची गाडी कारखान्यात उतरवताना सगळं फसलं. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, इतकी लवचिक, की इंजिन बसवल्यावर ती वाकायची आणि पुढचा पत्रा जुळायचाच नाही. उत्पादन आठवडेच्या आठवडे रखडलं. शिवाय कंपनीचा अंदाज असा, की लोक चार दरवाजांची सेडान जास्त घेतील. लोक मागायला लागले कूपे. ज्या गाडीला रांग होती ती कमी बनत होती, आणि जी बनत होती ती उभी होती.

नेमक्या त्याच वेळी फोर्ड आणि शेवरले यांची पहिल्या क्रमांकासाठी जुंपली. १९५३-५४ मध्ये दोघांनी गरजेपेक्षा जास्त गाड्या बनवून डीलरांच्या गळ्यात मारल्या आणि डीलरांनी मिळेल त्या भावाला काढल्या. दोघेही वर्षाला दहा लाखांच्या वर विकत होते, त्यांना ते झेपलं. एकमेकांना त्यांनी फारसं काही केलं नाही. दोन रेड्यांच्या टकरीत झाडं मोडतात तसे स्टुडबेकर, नॅश, हडसन, पॅकार्ड हे स्वतंत्र उत्पादक चिरडले गेले. स्टारलायनर सुमारे अडीच हजार डॉलरला विकली जायची. नंतर मांडलेल्या एका हिशेबानुसार तीच गाडी जनरल मोटर्सच्या खर्चाच्या गणिताने बनली असती, तर १९०० डॉलरच्या आसपास विकता आली असती. सहाशे डॉलरचा फरक. तेव्हाच्या गिऱ्हाइकासाठी ही रक्कम किरकोळ नव्हती.

मग छोट्यांनी एकत्र येऊन मोठं छापकाम उभारावं, हे ओघानेच आलं. नॅशचे जॉर्ज मेसन यांचं स्वप्न चारही कंपन्या जोडण्याचं होतं. नॅश आणि हडसन १९५४ मध्ये एक होऊन अमेरिकन मोटर्स झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅकार्डने स्टुडबेकर घेतली. काही दिवसांतच मेसन वारले आणि चौघांची मोट बांधायची राहिली ती राहिलीच.

पॅकार्ड म्हणजे एकेकाळी श्रीमंतांची गाडी. तिच्याकडे पैसा थोडा होता आणि गाड्या कमी विकल्या जात होत्या. स्टुडबेकरकडे डीलर भरपूर होते. कागदावर सोयरीक चांगली. पण घर न बघता मुलगी द्यावी तसं पॅकार्डने स्टुडबेकरच्या वह्या नीट तपासल्याच नाहीत. लग्न झाल्यावर अध्यक्ष जेम्स नान्स यांना कळलं, की ना नफा ना तोटा या उंबरठ्याला पोचायला स्टुडबेकरला वर्षाला सुमारे २ लाख ८२ हजार गाड्या विकाव्या लागतात. त्या वर्षीची विक्री लाखभरही नव्हती.

हा उंबरठा म्हणजे काय, ते इथे नीट समजून घ्यायला हवं. इमारत, साचे, व्याज, कार्यालय, कायमचे पगार हा ठरलेला खर्च एक गाडी न विकताही होतो. प्रत्येक गाडी विकल्यावर पत्रा, टायर, मजुरी वजा जाता थोडे डॉलर उरतात. असे उरलेले डॉलर साठत साठत ठरलेला खर्च भरून निघतो, तो आकडा म्हणजे उंबरठा. त्याच्या आत प्रत्येक गाडी विकूनही तोटा. तो खाली आणायचे मार्ग दोनच: ठरलेला खर्च कापा, नाहीतर गाडीमागे जास्त उरवा. साउथ बेंडच्या कामगारांनी १९५४ साली स्वतः मतदान करून पगारकपात स्वीकारली होती. तरी पुरलं नाही. १९५६ मध्ये पॅकार्डचा डेट्रॉइटचा कारखाना बंद झाला. पुढची दोन वर्षं पॅकार्डचं नाव स्टुडबेकरच्याच गाड्यांवर चिकटवून विकलं गेलं आणि १९५८ मध्ये तेही संपलं. सोयरीक करायला आलेली मंडळीच आधी गेली.

यानंतर एक शेवटचा शहाणपणा झाला. हॅरॉल्ड चर्चिल या इंजिनिअर-अध्यक्षांनी १९५३ च्या सेडानची मधली बॉडी तशीच ठेवली, पुढचं-मागचं नाक-शेपूट छाटलं आणि १९५९ साली लार्क नावाची आटोपशीर गाडी काढली. नवे साचे कमीत कमी. आजीच्या पैठणीतून नातीचं परकर-पोलकं शिवावं तशी. डेट्रॉइटच्या गाड्या तेव्हा गलबतांएवढ्या झाल्या होत्या, त्यामुळे लार्क सव्वा लाखाच्या वर खपली आणि कंपनी नफ्यात आली. पण छोट्या गाडीला गिऱ्हाईक आहे हे तिने तिन्ही मोठ्यांनाही दाखवून दिलं. १९६० च्या मॉडेल वर्षात फोर्डची फाल्कन, शेवरलेची कॉर्व्हेअर आणि क्रायस्लरची व्हॅलियंट एकदम उतरल्या. ज्या फोर्ड-शेवरलेच्या डीलरांनी जोडधंदा म्हणून लार्क ठेवली होती, त्यांना आता घरचीच छोटी गाडी मिळाली. त्यांनी लार्क काढून टाकली.

संचालकांचं मन तोवर मोटारीतून उडालं होतं. लार्कचा पैसा एसटीपी हे इंजिनात घालायचं द्रव्य, ग्रेव्हली ट्रॅक्टर, जनरेटर असल्या इतर धंद्यांत गेला. नवे अध्यक्ष शेरवूड एगबर्ट मात्र गाडीवेडे निघाले. त्यांनी लोवींना बोलावलं. पाम स्प्रिंग्जमधल्या भाड्याच्या घरात बसून त्यांच्या चमूने चाळीसेक दिवसांत अवांती ही गाडी आखली. बॉडी फायबरग्लासची घेण्यात तोच छापखान्याचा हिशेब होता: पत्र्याच्या महागड्या डाय टाळायच्या. पण बाहेरून येणारे फायबरचे भाग एकमेकांना जुळेनात, गिऱ्हाईक कंटाळून ऑर्डर रद्द करू लागलं. एकूण पाच हजारही अवांती बनल्या नाहीत.

९ डिसेंबर १९६३ ला साउथ बेंडचा कारखाना बंद करत असल्याची घोषणा झाली. २० डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर, शेवटची गाडी बाहेर पडली. सुमारे सात हजार माणसं घरी बसली.

त्यांच्या पेन्शनचं जे झालं, त्यामुळे स्टुडबेकरचं नाव अमेरिकेत मोटारवेड्यांइतकंच वकिलांनाही पाठ आहे. आपला पीएफ दर महिन्याला आपल्या नावाच्या खात्यात जमा होतो. स्टुडबेकरची पेन्शन तशी नव्हती. तो 'निवृत्तीनंतर दरमहा इतके देऊ' हा शब्द होता, १९५० साली युनियनशी ठरलेला. तो पाळायला वेगळा निधी होता, पण वेळोवेळी वाढवलेल्या आश्वासनांइतका पैसा त्यात कधी पडलाच नव्हता. रोख पगारवाढ देण्यापेक्षा पुढच्या पेन्शनची वाढ कबूल करणं कंपनीला सोपं आणि युनियनलाही बरं दिसणारं. कारखाना चालू राहील तोवर उणीव भरून निघेल, असं दोघांनीही धरलं.

निधी वाटला गेला तेव्हा साठी गाठलेल्यांना आणि आधीच निवृत्त झालेल्यांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ वयाचे, दहा वर्षांच्या वर नोकरी झालेले चार हजारांच्या आसपास कामगार होते. त्यांना हक्काच्या रकमेतले डॉलरमागे साधारण १५ सेंट मिळाले. बाकीच्यांना काहीच नाही. आणि यात बेकायदा असं काहीही नव्हतं, तेव्हा कायदाच नव्हता. पुढे दहा वर्षं हे उदाहरण वॉशिंग्टनमध्ये पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, आणि २ सप्टेंबर १९७४ ला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एरिसा या पेन्शन संरक्षण कायद्यावर सही केली. निधी किती असावा याचे नियम आले आणि कंपनी बुडाली तरी पेन्शनचा विमा देणारी सरकारी संस्था उभी राहिली.

गाड्या मात्र साउथ बेंडबरोबर थांबल्या नाहीत. कॅनडात, ऑन्टारियोतल्या हॅमिल्टन गावी स्टुडबेकरचा छोटा कारखाना होता, तो आणखी दोन वर्षं चालला. इथला ठरलेला खर्च इतका कमी होता, की वीसेक हजार गाड्यांवर भागलं असतं. तेवढ्याही विकल्या गेल्या नाहीत. मार्च १९६६ मध्ये तिथून निळसर-हिरव्या रंगाची, क्रूझर मॉडेलची एक गाडी बाहेर पडली, ती शेवटची. साउथ बेंडच्या संग्रहालयात ती ठेवली आहे. साउथ बेंडमधला इंजिनाचा कारखानाही १९६४ मध्ये बंद झाला होता आणि इतक्या थोड्या गाड्यांसाठी स्वतःचं इंजिन बनवणं परवडणारं नव्हतं. म्हणून तिच्या बॉनेटखाली जे आहे, ते जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या कारखान्यातून विकत आणलेलं.